पिकअपची खांदेमळण

गेवराईजवळ, आपल्याच ओसरीवरून
पोळ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप मामांच्या चरणी जावई भागवतचा वाकून, हात टेकवून नमस्कार. मामींनाही तेवढंच वाकून.

डोळा कसा आहे? अंबाजोगाईला ऑपरेशन चांगलं झालं, असं कळलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि पट्टी निघेपर्यंत काही वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्याचंही कळलं. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, पण तिसरी तरी ऐका. मामींचा चष्मा सापडला का? इकडे सर्व खुशाल आहे. आईचा गुडघा दुखतो, म्हैस मनात आलं तर दूध देते, आणि तात्याबा चुलते नेहमीप्रमाणे सगळ्यांवर नाराज आहेत, म्हणजे त्यांची तब्येत उत्तम आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मामा, फोनवर मी 'हॅलो' म्हणतो आणि त्यानंतरचं सगळं तुम्ही बोलता. इतकी वर्षं टँकर चालवल्यामुळे तुम्हाला इंजिनाच्या वरताण बोलायची सवय आहे, त्यात माझा आवाज पोचत नाही. मग मी दुसऱ्या एका व्यक्तीला फोन द्या म्हणतो, तर ती व्यक्ती कामात आहे असा निरोप येतो. (पंचमीपासून त्या व्यक्तीला एवढं कोणतं काम लागलं आहे, हे विचारायचा मला अधिकार नाही, म्हणून विचारत नाही.) पत्राचं बरं असतं. मध्येच कोणाला थांबवता येत नाही.

तर मुद्द्यावर येतो. पंचमीला तुम्ही संगीताला न्यायला आलात, तेव्हा निघता निघता ती सगळ्यांसमोर जे बोलली ते तुम्ही ऐकलंच आहे. "कोपीच्या दाराला साडी बांधून, बाहेर कोणी हाय का बघत बघत न्हायचं मला आता जमायचं न्हाई. आतून कडी लागंल असं दार दावा, तवा येते." एवढं बोलून ती तुमच्या मागे मोटारसायकलवर बसली आणि तुम्ही माझ्याकडे न बघता किक मारलीत. आता दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघणार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती आली नाही तर मी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उसाच्या पाचटाने शाकारलेल्या त्या झोपडीत, कोपीत, एकट्याने भाकरी करून खायची. भाकरीचं जाऊ द्या. संगीताशिवाय मला तिकडे करमायचं नाही, हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लाजायला नको.

कडी लागेल असं दार पाचटाला बसत नाही. म्हणून मी ठरवलं की घरच सोबत न्यायचं. गेवराईच्या त्रिंबक वेल्डरला गाठलं. जुन्या ट्रॉलीचा सांगाडा, त्यावर अँगल, अँगलला पत्रा, आत फळ्यांची जमीन, एका कोपऱ्यात चुलीपुरती फरशी, दुसऱ्या कोपऱ्यात न्हाणी, तिला पाण्याची छोटी टाकी आणि सांडपाणी खाली सोडायला नळी. दार मात्र त्रिंबकने सगळ्यात आधी केलं आणि मग त्याच्याभोवती घर केलं. कारण मी त्याला सांगितलं होतं की मला मुळात दारच पाहिजे आहे, घर नुसतं त्याला धरून ठेवायला लागतं. गावात त्यावरून दोन तट पडले. एक म्हणतो ही गाडी, एक म्हणतो हे घर. (ग्रामपंचायतीचं माणूस आलं की मी म्हणतो ही गाडी, आणि रस्त्यावर खाकी कपडा दिसला की म्हणतो हे घर.)

आता हे ओढायचं कसं? आपण ट्रॉली आपल्या पिकअपच्या मागच्या हुकाला अडकवतो, तसं हे अडकवून पाहिलं. घर पिकअपच्या मागे असं डोलायला लागलं की समोरचा टेम्पोवाला आपण होऊन तुरीच्या शेतात उतरला आणि तिथूनच माझ्या घराण्याचा उद्धार करत राहिला. तेव्हा त्रिंबकने मला मोबाइलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवला. मामा, तो पाहून मी हातातला चहा प्यायचा विसरलो. एक म्हातारा-म्हातारी, दोघांच्या अंगात अर्ध्या बाह्या, मांडीवर कुत्रं, आणि मागे आपल्या शाळेएवढं घर! त्याला खिडक्या, खिडक्यांना पडदे. आणि ते घर मागच्या हुकाला अडकवलेलं नाही. घराला पुढे मान काढलेली आहे, ती मान पिकअपच्या हौद्यावर येते आणि बरोबर मागच्या चाकांच्या डोक्यावर, हौद्याच्या मध्ये टेकते. आईने विचारलं, ही माणसं कोणत्या कारखान्याला निघाली? त्रिंबक म्हणाला, कुठेच नाही, नुसती फिरायला. आईला ते काही पटलं नाही. "घर संगं घेऊन कोणी नुसतं फिरतं व्हय?" असं म्हणून तिने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

आम्हीही तशी मान काढली. हौद्यात टेकूसाठी लोखंडी घोडी जोडली, तिच्यावर ताटाएवढी चकती बसवली, तिला एक खाच. घराच्या मानेखाली मनगटाएवढा जाड खिळा. पिकअप हळूहळू मागे घेत मानेखाली न्यायची, खिळा खाचेत सरकतो आणि खटाक करून अडकतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उगीचच हात जोडले. एवढं मोठं घर एका खिळ्याचं ऐकतं, मामा! आपल्या घरात मी म्हटलेलं कोणी एवढं ऐकत नाही.

पण अडकवल्यावर बघतो तर घराचं नाक आभाळात. आमच्या पिकअपचा हौदा उंच. गेल्या साली कांद्याची पोती भरली की पिकअप मागून बसायची, म्हणून मीच मागच्या चाकांवर स्प्रिंगचे जादा पाटे चढवून घेतले होते. त्यामुळे रिकामी असताना तिचा मागचा भाग वर उचललेला असतो. तिच्यावर घराची मान टेकली, तर घर पुढून वर आणि मागून खाली. बैलगाडीत भार मागे गेला की जू वर उचलतं आणि गाडी उलाळ होते, तसंच. (हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्रिंबकला समजावून सांगावं लागलं, म्हणून ओघात तुम्हालाही सांगितलं.) आत तपासणीसाठी आईला बसवलं होतं. ती बसल्या जागेवरून न उठता, मांडी न मोडता, परात आणि तव्यासकट मागच्या पत्र्यापर्यंत गेली. आतून आवाज आला, "भागवत, घर कोणीकडं चाललंय ते सांग, म्हंजी मी तिकडं तोंड करून बसते."

आणि दार! दार आपोआप उघडून फडफडत होतं. पत्र्याचं घर तिरकं झालं की चौकट तिरकी होते, पल्ला लोंबतो, आणि कडीची जीभ भोकात न जाता भोकाच्या शेजारी जाऊन बसते. मी ढकलली, त्रिंबकने हाणली, कडी काही बसेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हौद्याची उंची आणि घराची उंची जुळली तर घर सपाट, घर सपाट तर कडी लागणार, आणि कडी लागली तर संगीता येणार. एवढ्या सगळ्या गोष्टी एका ओळीत उभ्या आहेत हे बघून मी खरोखर चकित झालो. आणि घाबरलोही.

तात्याबांना बोलावलं. बैलांची जोड जुळवण्यात त्यांचं नाव नेकनूरच्या बाजारापर्यंत होतं, हे ते तुम्हालाही भेटल्या भेटल्या सांगतातच. त्यांनी पिकअपभोवती फेरी मारली, मागच्या मडगार्डवर खांद्यावर फिरवावा तसा हात फिरवला, दात बघायला बॉनेट उघडायला लावलं, मग दूर जाऊन एक डोळा मिटून दोघांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी मोठं निघणार. ते म्हणाले, "जोड जमत न्हाई. ही उंच हाय. हिला इका आन बुटकी घ्या." आणि चहा मागितला.

मग त्रिंबकने हौद्यातली घोडी कापून बुटकी केली. घर एकदम सपाट! कडी बसली! मी पेढे आणायला निघालो होतो, पण म्हटलं आधी एक चक्कर मारून येऊ. कालव्याच्या पुलाच्या चढावर पिकअपचं तोंड वर झालं, मागे घर अजून खालीच, आणि हौद्याचे कठडे खालून घराच्या मानेत असे घुसले की आवाजाने बांधावरचे सगळे बगळे उठले. पत्र्याला पोचा आला, दार उघडलं, कडी निसटली. मान आणि कठडा यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा मोकळी लागते, नाहीतर चढ-उताराला दोघांची टक्कर ठरलेली. हे आम्हाला टक्कर झाल्यावर कळलं. घोडीला पुन्हा तुकडा जोडला, घर पुन्हा उलाळ. मग घरच वर उचलू म्हणून त्याचा एक्सल पाट्यांच्या खाली घेतला. तेही सपाट झालं, पण पायरी एवढी उंच गेली की आईने एकदा पाय टाकला, गुडघ्याला हात लावला आणि खाली उतरून म्हणाली, "कडी लावायला आधी वर तर चढाया पायजे." तोही बेत गेला. एक्सल पुन्हा होता तिथे.

मामा, त्या दिवशी मी मनातून हरलो. घराला नुसतं बघत बसलो. माणसं येऊन जाऊन विचारायची, काय भागवत, बंगला कधी निघतो? मला हसायला यायचं नाही. पोळा तोंडावर आला होता आणि दिवाळी काही लांब नव्हती.

पोळ्याला आपल्याकडे आता बैल नाहीत. पिकअप आली त्या वर्षी ते गेले, आणि तेव्हापासून पोळ्याला तात्याबा भिंतीकडे तोंड करून झोपतात. या वर्षी मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी हळद-तुपाची वाटी घेऊन पिकअपजवळ आले आणि म्हणाले, खांदेमळण करायची. बैलाचा खांदा वर्षभर जू वाहतो म्हणून तो मळायचा. हिच्यावर जू कुठं येतं? मी हौद्यातली चकती दाखवली. ते वर चढले, चकतीला हळद-तूप लावून दोन्ही हातांनी चांगली मळली. (त्रिंबक म्हणाला, तिथं ग्रीस लावायचंच असतं, बरं झालं. तात्याबा म्हणाले, तुझं ग्रीस घरच्या लोण्याचं हाय का?) मग खाली उतरून डाव्या बाजूच्या आरशाला कान समजून त्यात हळूच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." आम्ही हसू दाबलं. पण त्यांचा चेहरा बघून मला कसंतरीच झालं. किती वर्षांनी त्यांनी ते वाक्य म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी आरशांना हिंगूळ, बॉनेटवर झूल, पुढच्या जाळीला गोंडे. मागे घर जोडलेलं, तसंच नाक वर करून. पिकअपने मारुतीला फेरा घालायचा असं ठरलं. आई पुरणपोळीच्या नैवेद्याची ताटं धरून घरात बसली, कारण उताराला ती एकटी टिकत नाहीत. आणि आजवर हसणारी सगळी भावकी फुकटचा फेरा म्हणून हौद्यात चढायला लागली. मानेच्या या बाजूने, त्या बाजूने, कठड्यावर, कोपऱ्यात, मिळेल तिथे. शेवटी सुभद्राकाकूंना चौघांनी वर घेतलं. (त्यांच्या वजनाबद्दल पत्रात लिहिणं बरं दिसणार नाही.) आणि मामा, काकू टेकल्या मात्र, जादा पाटे कुरकुरले आणि पिकअप हळूहळू मागून खाली बसली. मी आरशात बघत होतो. घराचं नाक खाली येत गेलं, येत गेलं आणि थांबलं. सपाट! ताटातली आमटीसुद्धा हलली नाही, असं आई नंतर म्हणाली. मान आणि कठड्यात वीतभर जागा तशीच, कारण दोन्ही एकत्रच खाली आली होती. आम्ही रिकाम्या पिकअपची उंची मापत बसलो होतो! जी गाडी एक दिवसही रिकामी राहत नाही, तिची आम्ही रिकामी असताना मापं घेतली. मी कपाळावर हात मारला. तात्याबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "आवतण दिलं व्हतं. जेवाया आली, खांदा वाकवला."

तेवढ्यात फडफडणारं दार आपल्या आपण मिटलं. आणि आतून आवाज आला. खट्ट.

कडी.

मग टाळ्या. मी पिकअप सुरू केली, मारुतीला फेरा घातला, थांबलो, आईला हाक मारली. दार उघडेना. पुजारी खोळंबले, मारुती खोळंबला, नैवेद्य आत. मला वाटलं कडी अडकली. त्रिंबक हातोडा घेऊन धावला. मी पत्र्याला कान लावला तर आत पाणी ओतल्याचा आवाज. तांब्या, पुन्हा तांब्या, अगदी सावकाश. चाकांच्या मधून नळीतलं पाणी मारुतीच्या पारापर्यंत वाहत आलं. सुभद्राकाकूंनी ते बघितलं आणि हातोडा घेतलेल्या त्रिंबकला मागे ओढलं. मग कोणी दार वाजवलं नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आईचे केस ओले, पाठीवर मोकळे. मी माझ्या जन्मात तिचे केस मोकळे पाहिले नव्हते. तात्याबा चिडून म्हणाले, कावून एवढा येळ? सकाळी न्हाली व्हतीस की! आई म्हणाली, "तवा घाईत न्हाले. आजपतूर घाईतच न्हाले. आज बसून न्हाले." आणि ताटं माझ्या हातात देऊन पुन्हा आत गेली आणि पुन्हा कडी लावली. काही काम नव्हतं. नुसती लावली. मामा, इतके हंगाम मी तिच्या कोपीत वाढलो, दाराला लावलेली साडी वाऱ्याने उडू नये म्हणून लहानपणी मीच तिला खाली दगड लावायचो, आणि या बाईने कधी तक्रार केली नाही म्हणून मला वाटायचं की तिला काही लागतच नाही. मी मारुतीसमोर आमटी सांडत उभा राहिलो आणि मला रडू आलं. नैवेद्याला उशीर झाला, पण मारुतीने वाईट वाटून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

तर असं आहे. आता मापं जमली आहेत. टोळी निघताना हौद्यात ज्वारीची पोती, भांडीकुंडी आणि माणसं असणारच, तेव्हा घर सपाटच राहील. पट्टी निघाली की तुम्ही स्वतः येऊन बघा, कडी स्वतःच्या हाताने लावा. टँकर ओढलेल्या माणसाचं मत मला लाखमोलाचं आहे. डोळ्यात औषध वेळेवर घाला. कपिलधारच्या बाजूला पाऊस झाला असेल तर कळवा. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमचा जावई,
भागवत

ता. क. लिहायचं राहिलं. घर पिकअपपासून सोडवलं की त्याची मान पुढच्या टेकूंवर राहते. पुन्हा जोडताना ती हौद्याच्या उंचीला आणायला जॅक लागतो. तुमच्याकडे टँकरचा जुना जॅक माळ्यावर पडून आहे. तो दिलात तर बरं होईल. तुम्ही मात्र उचलू नका, डॉक्टरांनी मनाई केली आहे.

आणखी ता. क. वर मी सपाट लिहिलं आहे ते खरं, पण सुभद्राकाकू उतरल्या की बोटभर फरक पडतो. त्यांच्याऐवजी पोती ठेवून पाहिली, जमतं. हे काकूंच्या कानावर जाऊ नये. शोधाचं सगळं श्रेय तात्याबांचं आहे, असं तात्याबांनी इथे लिहायला लावलं आहे.

शेवटचा ता. क. संगीता, मामांच्या डोळ्यावर पट्टी आहे आणि मामींचा चष्मा पंचमीपासून सापडत नाही, म्हणजे पहिल्या ओळीपासून हे पत्र तूच मोठ्याने वाचते आहेस. ('ती व्यक्ती' तू कशी वाचलीस ते मला ऐकायचं होतं.) इथून पुढे मनात वाच. परवा मी आईला आत बसवलं, तिने कडी लावली आणि मी बाहेरून दार वाजवलं, हाका मारल्या, घाई आहे म्हणालो. तिने उघडलं नाही. "तू म्हणशील तवा न्हाई, मी म्हणंल तवा," असं आतून म्हणाली. मला तेवढंच तपासायचं होतं. कडी चांगली आहे, संगीता. तू आलीस की आत जा, लाव, आणि तुला वाटेल तेवढा वेळ उघडू नकोस. मी बाहेर बसून असेन. आता मामा विचारतील, मध्येच गप का झालीस? त्यांना सांग, 'तिकडं जॅक लवकर पाहिजे आहे, जड आहे, तुम्ही उचलायचा नाही, म्हणून मलाच पोचवायला जावं लागेल.'

जॅक तसे इथे आपल्या घरी दोन आहेत.